वरच्या कोंडावरून आलेली ओ

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच वाचते. पांढरी साडी, पैंजण, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आज आहे का, ते मला सांगता येणार नाही. पण जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि माझ्याबरोबर आणखी एका शहाण्या माणसाने ऐकलंय. म्हणून लिहिते.

आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की घाटाची चढण सुरू होण्याआधी एक फाटा आत जातो. आत गेल्यावर ओढ्यापलीकडे शेठचा बंगला, आणि बंगल्यामागच्या डोंगरावर आमचा वरचा कोंड. कोंड म्हणजे आमच्याकडची वाडी. सात-आठ घरं, तीही एकमेकांना लागून नाहीत... एक इथं तर दुसरं ओहळाच्या पलीकडे. खरं नाव देत नाही, कारण बंगल्याचं आता रिसॉर्ट झालंय आणि माझी नोकरी तिथेच आहे.

माझे वडील मुंबईत एका हॉटेलच्या भटारखान्यात होते. मी लहान असतानाच ते खोकत घरी आले आणि त्याच पावसाळ्यात गेले. मागे राहिलो आई आणि मी, नाचणीचा एक उतार आणि एक म्हैस. आमच्याकडे पाऊस असा की घराबाहेर पाऊल टाकवत नाही, आणि होळी झाली की प्यायला पाणी नाही. शेठची माणसं मे महिन्यात हवा खायला यायची. बंगल्याची विहीर तेव्हा आटलेली असायची, मग त्यांच्या आंघोळीचं पाणी झऱ्यावरून माझ्या आईच्या डोक्यावरून जायचं. मी हे लाजून सांगत नाही. त्याच हंड्यांवर मी शिकले. शाळा पोलादपूरला, कॉलेज महाडला होस्टेलवर राहून. बी.कॉम. झाले. आमच्या कोंडातली पहिली ग्रॅज्युएट मी, मुलगे धरूनसुद्धा.

बंगला मुंबईच्या एका हिरड्याच्या व्यापाऱ्याने बांधलेला. हिरडा म्हणजे औषधाला आणि कातडी कमवायला लागणारं रानातलं फळ. डोंगरावरच्या बायका ते गोळा करायच्या आणि बंगल्याच्या खळ्यात वाळत घालायच्या. काळ्या दगडाचा चौथरा, वर कौलं, पुढे हापूसची बाग, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक दगडी ओटा. पुढे धंदा बसला, शेठची मुलं परदेशात गेली, मे महिन्यातलं येणंही बंद झालं. राहिली फक्त काशीआत्या.

काशीआत्या बंगल्याच्या राखणीला होती. विधवा, मूलबाळ नाही. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत एकटी राहायची. एवढा मोठा बंगला, इतके पलंग, पण ती झोपायची आपल्या चटईवर. सतत मिश्री लावायची, त्यामुळे तिचा आवाज घोगरा होता, आणि शेवटचा सूर लांबवताना मध्येच फाटायचा. तो आवाज आमच्या कोंडातलं मूलही ओळखायचं. कारण होतं हाळी.

आमच्याकडचे बाप्ये सगळे मुंबईला. मागे बायका आणि म्हातारी माणसं, आणि घरं अशी लांबलांब. कुणाला पान लागलं (म्हणजे साप चावला), कुणी घसरून पडलं, तर कळणार कसं? म्हणून रीत होती. तिन्हीसांजेला दिवा लागला की काशीआत्या त्या दगडी ओट्यावर उभी राहून वर हाळी द्यायची. एकेका घरच्या बाईचं नाव घेऊन.

"पारूऽऽ गोऽऽ..."

पारू म्हणजे माझी आई. आईने अंगणात येऊन ओ द्यायची, "हाय गोऽऽ." मग पुढचं घर. सगळ्यांची ओ आली की आत्या आत जायची. ओ आली नाही, तर शेजारची बाई कंदील घेऊन बघायला निघायची.

यात एक नियम कडक होता. दुसऱ्याच्या नावाची ओ कुणी द्यायची नाही, पोटच्या पोरीनेसुद्धा नाही. आणि शेजारणीला त्या घरात माणूस पडलेलं दिसलं, तर तिने त्याच अंगणात उभं राहून आपल्या आवाजात ओरडायचं, "येऽऽ गोऽऽ." 'हाय गो' म्हणजे सगळं ठीक. 'ये गो' म्हणजे हातातलं टाका आणि निघा. लहानपणी मी 'ये गो' एकदाच ऐकलं, सखूकाकीला पान लागलं तेव्हा. चुलीवरचा भात तसाच टाकून अख्खा कोंड धावला होता. काकी वाचली.

मग एकेक घर मुंबईला गेलं. कुणी नालासोपारा, कुणी दिवा. गणपतीत यायचं, दारं उघडायची, आरत्या, भजनं, आणि गौरी-गणपती गेले की कुलपं. मी महाडला होस्टेलवर असताना काशीआत्या गेली. आईने मला एवढंच सांगितलं होतं की म्हातारी झोपेत गेली. पुढे बंगला पुण्याच्या मालकांनी घेतला, आणि त्याचं रिसॉर्ट झालं.

मी महाड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात काही काळ होते, ती नोकरी सोडून इथे रिसेप्शनला लागले. लोक म्हणाले, कंपनी सोडून हॉटेलात कशाला? मी म्हटलं, घर दिसतं तिथून. जिथे हिरडे वाळायचे तिथे आता स्विमिंग पूल आहे. पहिल्यांदा त्यात एप्रिल महिन्यात पाणी भरताना बघितलं आणि मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. टँकरने आणलेलं पाणी होतं. असो.

पुढे मी असिस्टंट मॅनेजर झाले. मला राहायला स्टाफ क्वार्टर मिळालं. आई मात्र खाली यायला तयार नाही. वरच्या कोंडात तेव्हा तिचं एकटीचं घर उघडं होतं.

"आई, तिथं पक्की खोली हाय, नळ हाय, माझ्याजवळ राह्यला काय जातंय तुझं?"

"आणि वर ओ कोण देणार?"

"कुणाला ओ? कुलपांना?"

"कुलपांना असंल. मी रोज नावं घेते सगळ्यांची. सखूची, तारीची, धोंडूच्या आईची. घर बंद हाय म्हणून नाव घ्यायचं सोडायचं काय?"

तेव्हा मला कळलं की काशीआत्या गेल्यापासून आई रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून बंद घरांना हाळी देते. एकेक नाव घेते, जरा थांबते, मग पुढचं नाव. ओ कुणाचीच येत नाही. आणि खालून तिला स्वतःला हाळी देणारंही कुणी उरलं नव्हतं.

तिला मोबाईल घेऊन दिला होता. पण रेंज फक्त फणसाखालच्या दगडावर, आणि पावसात तीही नाही. मग मीच ठरवलं. रोज तिन्हीसांजेला मी त्या दगडी ओट्यावर जायचे आणि हाळी द्यायचे, "पारूऽऽ गोऽऽ." आईला नावाने हाक मारायची परवानगी दिवसातून तेवढ्याच वेळी. वरून यायचं, "हाय गोऽऽ." मी परत रिसेप्शनला.

आमच्या मालकांनी एकदा हे ऐकलं. त्यांना ते फार आवडलं. पुढच्या आठवड्यात ओट्याजवळ बोर्ड लागला... 'इको पॉइंट'. गेस्ट लोक चहाचे कप घेऊन यायचे आणि डोंगराकडे तोंड करून एकमेकांची नावं ओरडायचे. मी सुट्टीच्या दिवशी वर गेले तर आई काळजीत.

"वने, ती स्वीटी कोण गो?"

"कोण स्वीटी?"

"अगो, काल तिला किती हाका मारत व्हते! ओ नाय दिली तिनं. कुठं पडलीबिडली काय? शेवटी मीच सांगितलं वरून, हिथं नाय गो आली."

मी हसून हसून लोळले. आई हसली नाही. तिच्या दृष्टीने कुणाचं तरी नाव घेतलं गेलं होतं आणि ओ आली नव्हती, त्यात हसण्यासारखं काय?

आता तो दिवस.

गणपती होऊन गेले होते. मुंबईकर परत गेले, कोंडातल्या सगळ्या घरांना पुन्हा कुलपं लागली. हे दिवस आईला सगळ्यात वाईट जातात. चार दिवस पोरांचा गलका, आणि मग एकदम काही नाही. त्या दिवशी सकाळपासून पाऊस झोडपत होता, संध्याकाळी थांबला. डोंगरावर धुकं उतरलेलं. अजून उजेड होता, पण राखाडी. गेस्ट सगळे आत भजी खात होते. मी ओट्यावर गेले. पलीकडे अस्लमभाई जीपचा चिखल धूत होते. अस्लमभाई आमचे ड्रायव्हर, महाडचे, बरीच वर्षं सौदीला ट्रक चालवून परत आलेले. बोलायला मोजके.

मी हाळी दिली. "पारूऽऽ गोऽऽ..."

ओ नाही.

वाटलं, म्हशीला बांधत असेल. जरा थांबले. पुन्हा दिली. ओहळाचा आवाज तेवढा येत होता.

आणि मग वरून, धुक्यातून, आमच्या घराच्या बाजूने आवाज आला.

"येऽऽ गोऽऽ..."

आवाज आईचा नव्हता. घोगरा होता. आणि 'गो' लांबवताना मध्येच फाटला.

 तरी डोक्याने पहिला विचार काय केला सांगू? मुंबईकरांपैकी कुणी म्हातारी मागे राहिली असणार. माणूस असाच असतो, पटेल ते आधी शोधतो. तेवढ्यात अस्लमभाईंनी हातातला पाईप बंद करून माझ्याकडे बघितलं.

"ताई, वर कोण म्हातारी बोलावतेय?"

"तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं म्हणजे? इतकं मोठ्याने! तुमच्या आईचा आवाज मी रोज ऐकतो, तो असा नाही. पाहुणे आहेत का कोणी?"

"नाहीत," मी म्हटलं. "अस्लमभाई, गाडी काढा."

त्यांनी कारण विचारलं नाही. किचनमधल्या दोन पोरांना हाका मारून मागे बसवलं. जीप जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गेलो, पुढे पायवाट. दगडांवर शेवाळ, हातात टॉर्च. वाटेत सखूकाकीचं घर लागलं... कुलूप. तारीचं... कुलूप. मी प्रत्येक दारावर टॉर्च मारत होते. कुणीतरी मुंबईकरीण दिसावी, म्हणजे मी तिच्या पाया पडेन, असं झालं होतं. धोंडूच्या घराच्या कडीला गणपतीतल्या तोरणाची सुकलेली पानं तशीच होती.

आमचं दार उघडं होतं. दिवा लागला नव्हता. म्हैस ओरडत होती. अंगणात कुणी नव्हतं.

आई मागच्या पडवीपलीकडे, गोठ्याच्या वाटेवर पडलेली होती. शेवाळावरून पाय गेला होता. एक पाय विचित्र वळलेला. लुगडं चिंब, ओठ निळे, अंग थरथरत होतं. डोळे उघडे होते.

"वने," ती म्हणाली. म्हणाली म्हणजे ओठ हलले फक्त. घसा पार बसला होता.

अस्लमभाईंनी आपलं जॅकेट काढून तिच्या अंगावर घातलं. पोरांनी घरातली घोंगडी आणली, मांडवाचा बांबू काढला, आणि आमच्याकडे पूर्वीपासून आजारी माणसाला उतरवतात तशी डोली केली. उतरताना अस्लमभाई सारखे म्हणत होते, "आई, झोपायचं नाही हां. बोला माझ्याशी." आई काय बोलणार! तिने त्यांचं बोट धरून ठेवलं होतं.

महाडला दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुपारी जेवण झाल्यावर पडली होती, तेव्हापासून पावसातच. डॉक्टर म्हणाले की सकाळपर्यंत तशीच राहिली असती तर हाडाचा प्रश्नच उरला नसता. मला कळलं त्यांना काय म्हणायचंय ते.

ऑपरेशन झालं. दोन-तीन दिवसांनी तिच्या घशातून आवाज फुटायला लागला. मी तिला भरवत होते तेव्हा विचारलं.

"आई, माझी हाळी ऐकलीस तू?"

"दोन्ही ऐकल्या. ओ द्यायला गेले, पण निसती हवा निघाली. दुपारधरून ओरडून घसा गेला व्हता."

"मग 'ये गो' कोण म्हणालं?"

आईने माझ्याकडे बघितलं. "कुठं?"

"आपल्या अंगणातून. अस्लमभाईंनी पण ऐकलं. त्याच्यावरूनच तर आम्ही आलो."

"मी कायच नाय ऐकलं," आई म्हणाली. "मी तर थितंच व्हते पडलेली. अंगणात कोण बोललं असतं तर मला ऐकू नसतं आलं?"

खाली बंगल्यावर आम्हा दोघांना स्पष्ट ऐकू आलं, आणि घराच्या मागे पडलेल्या आईला काहीच नाही.

मी हळूच सांगितलं की आवाज कुणाचा वाटला. आईने वाटी बाजूला सारली. पेज नको म्हणाली. मग एकदम म्हणाली, "आली व्हती तर म्हशीला वैरण तरी टाकायची. दुपारधरून उपाशी व्हती ती."

मी हसले. तीही हसली, आणि मग रडायला लागली. माझी आई रडत नाही. वडील गेले तेव्हाही मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

"आत्या झोपेत नाय गेली," ती म्हणाली. "त्या सांजेला तिची हाळी आली नाय. मी खाली गेले. ओट्याजवळच पडली व्हती, पण जीव व्हता. एकटीला उचलवंना मला. मग मी ओट्यावर उभी राह्यले आणि 'ये गो' केलं. किती येळा केलं गो... वर कोणच नव्हतं. सगळे मुंबईला, तू महाडला. मला म्हाईत व्हतं कोण नाय, तरी मी ओरडत व्हते. तिला वाटलं पायजे ना, कोणतरी येतंय. ती ऐकत व्हती. मग ऐकायची थांबली."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तुझी परीक्षा व्हती."



नंतर मी जेवढी चौकशी करता येईल तेवढी केली. कोंडाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकेकाला विचारलं... सगळे त्याआधीच मुंबईला पोचले होते. पलीकडच्या वाड्यांमध्ये विचारलं, त्या दिवशी त्या पावसात आमच्या बाजूला कुणी फिरकलं नव्हतं. मालक म्हणाले, "वनिता, इको असणार." मी म्हटलं, "सर, मी 'पारू गो' म्हटलं होतं. इको स्वतःच्या मनाने दुसरं बोलत नाही." अंगणात पाऊलखुणा होत्या का, असं कुणी विचारेल म्हणून सांगते, आम्ही चौघं चिखल तुडवत गेलो होतो, त्यामुळे काय होतं आणि काय नव्हतं हे सांगता येणार नाही.

अस्लमभाईंना एकदा खोदून विचारलं. ते काच पुसत होते, थांबले नाहीत. "ताई, कोणीतरी बोलावलं, आपण गेलो. बोलावणाऱ्याचं आधार कार्ड बघायचं असतं का?"

इको पॉइंटचा बोर्ड मी काढायला लावला. बोर्ड राहील किंवा मी राहीन, असं मालकांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि बोर्ड काढला.

आई आता खाली असते, स्वयंपाकघराशेजारच्या काशीआत्याच्या खोलीत. पक्क्या क्वार्टरमध्ये राहायला नको म्हणाली. काठी घेऊन चालते, किचनमधल्या पोरांच्या भाकऱ्यांना नावं ठेवते. वर आता एकही घर उघडं नाही. तिन्हीसांजेला ती त्या दगडी ओट्यावर जाते, आणि तेव्हा पूलजवळचं म्युझिक मी बंद करायला लावते. गेस्ट लोक विचारतात काय चाललंय, मी सांगते, आमच्याकडची रीत आहे. आई एकेक नाव घेते. सखू गो. तारी गो. धोंडूच्या आये गो. आणि सगळ्यात शेवटी आमच्या बंद घराकडे बघून, "पारूऽऽ गोऽऽ."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "आई, तू तर इथं आहेस."

"घर तर वर हाय ना," ती म्हणाली.

मग ती थांबते. मीही शेजारी उभी असते. धुकं असतं, ओहळ वाजत असतो. आजपर्यंत ओ आलेली नाही, 'हाय गो'ची नाही आणि 'ये गो'चीही नाही. त्या संध्याकाळी आमच्या अंगणातून कोण ओरडलं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. मिळेल असं वाटतही नाही.

यंदा मालकांनी मला मॅनेजर केलं. माझी आई ज्या बंगल्यावर पाणी वाहायची तो आता मी चालवते, आणि आई माझ्याजवळ राहते.